एकशे वीस ग्रॅम टरफलं

"खोड ते," उज्वलाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता खोड."

"पेननं लिहिलंय आई."

"मग पान फाड."

सृष्टीने वही छातीशी घट्ट धरली. वहीत मंगळवारच्या पानावर, बारा नंबरच्या ओळीत, तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : अंड्याची टरफलं, एकशे वीस ग्रॅम. बारा नंबर म्हणजे आहेरांचं घर, म्हणजे हेच घर, आणि श्रावण लागून आज चौथा दिवस होता.

"श्रावणातली नाहीत ती, तुलाही माहितीये," उज्वलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, कारण खिडकी उघडी होती. "आषाढातली आहेत. गुलाबाला घालायला डब्यात साठवली होती. श्रावण लागला, घरात नको, म्हणून काढून टाकली. मी काय वाईट केलं?"

"काहीच नाही. मग घाबरतेस कशाला?"

"टरफलावर तारीख असते का?"

पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होती सृष्टी, पण टरफलाचं वय काढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तिचा विषय सरळ होता. मध्यमवर्गीय वसाहतीतल्या घरातून कचऱ्यात नेमकं काय निघतं आणि किती निघतं. रोज सकाळी प्रत्येक घराची पिशवी घ्यायची, ताडपत्रीवर उलटी करायची, ओलं, सुकं, प्लास्टिक, कागद, काच वेगळं करायचं, तोलायचं आणि मग सगळं घंटागाडीत द्यायचं. असं आठ दिवस सलग. गाईड खैरनार सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आठ म्हणजे आठ. आणि आकडे खरे. खोटा आकडा मला वासावरून कळतो. तसं काही दिसलं तर सबमिशन या सत्रात नाही, पुढच्या सत्रात." पुढचं सत्र म्हणजे जानेवारी. पुण्याच्या एका कंपनीनं तिला ऑक्टोबरात रुजू व्हायला सांगितलं होतं, तेही प्रबंध जमा झालेला असला तर.

आधी ती तीन सोसायट्यांमध्ये जाऊन आली होती. तिन्ही ठिकाणी हाकललं. आपली माणसं मोठी गमतीची. आधार कार्डाची झेरॉक्स कोणाच्याही टेबलावर ठेवून येतील, मोबाइल नंबर साडीच्या दुकानात मोठ्यानं सांगतील, पण कचऱ्याची पिशवी उघडायची म्हटलं की यांना एकदम खासगी आयुष्य आठवतं. शेवटी राहिली स्वतःची कॉलनी. पाथर्डी फाट्याच्या आतली श्रमसाफल्य कॉलनी, चोवीस बंगले, मध्ये ओपन स्पेस आणि गणपतीचं छोटं मंदिर. चेअरमन महेश देवरे तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होते. ते म्हणाले, "कर बेटा. संमतीचं पत्र मात्र शेवटी देईन, काम बघून." प्रबंधाला ते पत्र जोडल्याशिवाय चालणार नव्हतं.

सृष्टीने सगळ्यांना सांगितलं होतं, की नावं गुप्त राहतील, वहीत फक्त नंबर येतील. नंबर तिने दिले ते बंगल्यांचेच. या पोरीला हुशार म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

खरा घोळ झाला तो तिच्या प्रयोगशाळेतल्या सवयीने. तिथे एक जण तोलतो आणि मोठ्यानं आकडा सांगतो, दुसरा लिहितो. इथे दुसरं कोणी नव्हतं, तरी तिचं तोंड चालूच राहिलं. ओपन स्पेसमध्ये ताडपत्रीभोवती सात-आठ बायका बघत उभ्या होत्या. कांद्याची सालं म्हटल्यावर कोणी हललं नाही. दुधाच्या पिशव्या म्हटल्यावर कोणी हललं नाही. "अंड्याची टरफलं, एकशे वीस," असं ती म्हणाली आणि ओपन स्पेसमधला चिमण्यांचासुद्धा आवाज थांबला.

"कोणाची गं?" सात नंबरच्या सुवर्णा काकूंनी विचारलं. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष.

"ते नाही सांगता येत काकू. गुप्त असतं."

"अगं, आम्ही कोणाला सांगतोय? उत्सुकता म्हणून विचारलं."

सुवर्णा काकू तडक घरी गेल्या आणि वीस मिनिटांनी परत आल्या. "एका अंड्याचं टरफल सहा ग्रॅम भरतं," त्यांनी जाहीर केलं. "म्हणजे वीस अंडी. श्रावणात." श्रावणात तोलायला टरफल त्यांना कुठून मिळालं, हे कोणी विचारलं नाही. सगळ्या बायका विसाच्या आकड्यातच अडकल्या होत्या. चार माणसांचं घर असेल तर माणशी पाच. पाहुणे आले असतील का? कोणाकडे आले होते? पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कॉलनीत एवढं गणित झालं, जेवढं सृष्टीच्या वर्गात अख्ख्या सत्रात होत नसे.

बुधवारी पिशव्या हलक्या आल्या. पहिल्या दिवशी चोवीस घरांचे अडतीस किलो भरले होते, आज एकोणतीस. सृष्टीने दोनदा काटा तपासला. गुरुवारी अकरा किलो. पण आकड्यापेक्षा तो कचरा बघून ती चक्रावली. दुधाच्या पिशव्या धुऊन, पुसून, घडी घालून आल्या होत्या. भेंडीची देठं एका लांबीची होती. शिळ्या पोळीचा तुकडा नाही, आंबलेली भाजी नाही, केसांचा गुंता नाही. एका घरातून तर तुळशीची वाळलेली पानं आणि अगरबत्तीच्या काड्या, एवढंच आलं. हे घर जेवतं की नुसतं आरती करतं, असा प्रश्न पडावा. काजूकतलीचा एक रिकामा डबा बुधवारी सात नंबरातून आला होता. त्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. गुरुवारी तोच कुरतडलेला डबा एकोणीस नंबरातून आला.

ती सात नंबरच्या फाटकाशी पिशवी घ्यायला गेली तेव्हा सुवर्णा काकू नळाखाली टोमॅटोची सालं धूत होत्या. ओट्यावर त्यांच्या सासूबाई पुतळाबाई बसल्या होत्या. कळवणकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, बोलायला फटकळ.

"काय करती गं सुनबाई?"

"काही नाही, कचरा देतेय."

"कचराय त्यो. त्याला काय पावडर लावून लग्नाला धाडायचाय?"

"तुम्ही आत बसा बरं आई. गार वारा सुटलाय."

शुक्रवारी सात किलो. सगळ्या कॉलनीचे मिळून सात. महेश काका स्वतः काट्यावर वाकून आकडा बघून गेले आणि संध्याकाळी पत्र टाईप करूनच आले.

"बेटा, चोवीस घरांत सात किलो. म्हणजे घरामागे तीनशे ग्रॅमसुद्धा नाही. असा आकडा राज्यात कुठे नसेल. शून्य कचरा कॉलनीचा पुरस्कार असतो, त्याला आपण अर्ज टाकतोय. हे बघ, वरती तुझ्या अभ्यासाला आमची संमती. त्याच्याखाली हा आकडा. इथे माझी सही, इथे तुझी."

"काका, मंगळवारी अडतीस किलो होते."

"तेव्हा जागृती नव्हती. आता आली."

"तीन दिवसांत?"

"तुझ्यामुळेच आली ना." काकांनी पेनाचं टोपण काढलं. "एकाच कागदावर दोन्ही आहे. तुझी सही झाली की माझी होते."

सृष्टी म्हणाली, सरांना विचारते. काकांनी टोपण परत लावलं.

खैरनार सरांनी शनिवारी वही चाळली. चाळताना त्यांच्या भुवया एकेक पान वर चढत गेल्या. "अडतीसवरून सात. माणसं जेवायची थांबली का तुमच्या कॉलनीत?"

"श्रावण आहे सर. उपास..."

"उपासाला माणूस जास्त खातो. साबुदाणा, बटाटे, केळी, शेंगदाण्याची फोलपटं. वजन वाढायला पाहिजे." त्यांनी वही मिटली. "हे बघ, वस्तुमान हवेत विरत नाही. एकतीस किलो रोज कुठेतरी जातंय. ते कुठे जातं ते शोध आणि आठ दिवस पहिल्यापासून मोज. सोमवारी सुरू केलंस तर सबमिशन गाठशील. मंगळवारी केलंस तर नाही. आणि या चार दिवसांतले शेवटचे तीन मला परत दाखवू नकोस."

सृष्टी खरं तर रडायच्या बेतात होती, पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तो एकतीसचा आकडाच भुंग्यासारखा फिरायला लागला. कुठे जात असेल? जाळावं तर धूर दिसेल. पुरावं तर चोवीस बंगल्यांची अंगणं फरशीची. तिने घंटागाडीवरच्या भिकनला गाठलं. भिकन सटाण्याकडचा, अकरा वर्षं या भागात गाडीमागे उभा राहून पिशव्या घेणारा.

"भिकनदादा, आमच्या कॉलनीचा कचरा कमी झालाय?"

"तुमच्या कॉलनीचा व्हय. गाडीचा नाय."

"म्हणजे?"

"गाडी रोज भरती तेवढीच भरती. खतप्रकल्पावर काट्याची पावती मिळती ना, ती बघा. तुमच्या हितं हलकी चालती आन् पुढं शिवपुष्प नगरात गेली की अशी बसती खाली." त्याने तळहात जमिनीकडे दाबून दाखवला. "म्या म्हनलं, तिकडं लग्नंबिग्नं निघाली का काय. पन श्रावणात कुठली लग्नं एवढी."

"तिकडच्या लोकांना विचारलं नाही तुम्ही?"

"कचरा देणाऱ्याला कचऱ्याचं विचारायचं नसतं ताई. लय राग येतो त्यांना. तुम्हाला कळलंच असंल आता."

रविवारी पहाटे सहाला सृष्टीला जाग आली ती फाटकाच्या कडीने. आई बाहेर निघाली होती. गुडघ्याला पट्टा, पायात बूट, हातात कापडी पिशवी. गेली दोन वर्षं जी बाई गच्चीवर जायला नाही म्हणत होती, ती गेले चार दिवस मॉर्निंग वॉकला जात होती, आणि सृष्टीला त्याचं कौतुक वाटत होतं.

"आई, पिशवी कशाला?"

"सोमवारचा बेल नको आणायला? आघाडा, दूर्वा, फुलं. तिकडे कडेनं खूप आहे."

सृष्टी खिडकीत उभी राहिली. मागून सुवर्णा काकू गेल्या, हातात पिशवी. एकोणीस नंबरच्या वहिनी गेल्या, हातात पिशवी. पाच नंबरचे आजोबा, ज्यांनी आयुष्यात देवाला फूल वाहिलं नव्हतं, तेसुद्धा पिशवी घेऊन बेल आणायला गेले. कॉलनीत एवढी भक्ती तिने कधी पाहिली नव्हती. ती बघत राहिली, आणि अर्ध्या तासाने सगळे परत येताना तिला जे दिसलं ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. फुलं आणायला गेलेल्या पिशव्या जाताना फुगलेल्या होत्या आणि येताना सपाट.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ती घंटागाडीच्या मागच्या फळीवर भिकनशेजारी उभी होती. गळ्यात वही, हातात पिशवी अडकवायच्या आकड्याचा काटा. गाडी रोज आधी शिवपुष्प नगरात जाऊन मग श्रमसाफल्यकडे वळावी, अशी तिने ड्रायव्हरला गळ घातली होती. त्याला काय, रस्ता तोच. स्पीकरवर स्वच्छतेचं गाणं लागलं आणि गाडी शिवपुष्प नगराच्या कोपऱ्यावर, पिंपळाखाली उभी राहिली.

पहिल्या आल्या सुवर्णा काकू. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनी मान खाली ठेवून पिशवी वर केली, आणि ती घेणारा हात भिकनचा नाही, हे त्यांना बांगडीवरून कळलं.

"काकू, गुड मॉर्निंग."

"अगं बाई, तू? मी बेल बघत होते."

"हा पिंपळ आहे काकू."

तेवढ्यात त्यांच्या मागे एकोणीस नंबरच्या वहिनी येऊन थांबल्या. त्यांच्या मागे पाच नंबरचे आजोबा. त्यांच्या मागे उज्वलाबाई. प्रत्येक जण असं समजून आला होता की ही शक्कल आपल्या एकट्याची. रांगेत उभं राहून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, एकमेकांच्या पिशव्यांकडे मात्र पाहिलं, अगदी बारकाईनं. आणि मग कोपऱ्यावरून स्कूटर आली. पायाशी दोन काळ्या पिशव्या घेतलेले महेश काका ब्रेक दाबून जागच्या जागी थिजले. वळावं म्हटलं तर मागून नऊ नंबर आणि चौदा नंबर येत होते.

स्पीकरवरचं गाणं तेवढं चालू होतं.

"उलथू का ताडपत्रीवर?" भिकनने विचारलं.

"इथे नको," आजोबा म्हणाले.

"मग आपल्या ओपन स्पेसमध्ये नेऊ या?" सृष्टीने विचारलं.

"तिथे तर मुळीच नको," सुवर्णा काकू घाईनं म्हणाल्या. "इथेच कर बाई. इथे आपल्याला कोण ओळखतं?" हे त्या एव्हाना जमलेल्या आपल्याच कॉलनीतल्या एकोणीस माणसांसमोर उभ्या राहून म्हणत होत्या.

सृष्टीने तोललं. आज ती मोठ्यानं बोलली नाही, नुसतं लिहीत गेली. खराखुरा कचरा होता. करपलेली खिचडी, रिमोटचे गळके सेल, केस, औषधांच्या चपट्या पट्ट्या, तळणीचं काळं तेल शोषलेला कागद, चार दिवसांच्या पोळ्या. आणि टरफलं. नऊ पिशव्यांत टरफलं निघाली.

उज्वलाबाई हळूच तिच्या कानाशी आल्या. "सात नंबरात निघाली का गं?"

"आई, नावं सांगायची नसतात."

"नाव कुठे विचारतेय मी? नंबर विचारतेय."

शेवटी महेश काका उरले. त्यांनी दोन्ही पिशव्या आकड्याला लावू दिल्या. काटा पावणेसहा किलोवर गेला. शून्य कचरा कॉलनीचा चेअरमन, घरात माणसं दोन. सृष्टीने आकडा लिहिला आणि पिशवीच्या गाठीला हात घातला.

"उघडायलाच पाहिजे का?" काकांनी विचारलं.

"अभ्यास आहे काका."

"आणि तो कागद? संमतीचा?"

"आकड्याशिवायचा टाईप केलाय मी. वहीत आहे."

"दे," काका म्हणाले, आणि घंटागाडीच्या फळीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. "आता गाडीच्या त्या बाजूला जाऊन उघड. भिकन, तू इकडे तोंड कर."

मग तसंच ठरून गेलं. रोज सकाळी श्रमसाफल्यची माणसं पिशव्या घेऊन शिवपुष्प नगरात यायची, सृष्टी पिंपळाखाली तोलायची. मंगळवारी एकोणचाळीस किलो, बुधवारी अडतीस, गुरुवारी एकेचाळीस. आकडे असे एका ओळीत बसत गेले की बघत राहावं. शिवपुष्प नगरातल्या खिडक्यांमधून पडदे हलायचे. ही कोण पोरगी, आपल्या कोपऱ्यावर कोणाचा कचरा उपसते, हे त्यांना कळत नव्हतं. शनिवारी एका बाईंनी गॅलरीतून विचारलं, "अहो, हे काय चाललंय?" सृष्टीने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "कचऱ्याचा अभ्यास आहे काकू. कोणत्या घरातून काय निघतं त्याचा." बाई आत गेल्या. गॅलरीचं दार लागलं.

रविवारी भिकन म्हणाला, "ताई, गंमत सांगू? आता हितं हलकी झाली. आन् तुमच्या कॉलनीत गाडी बसाया लागली."

सृष्टीला हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता. सोमवारी शेवटचा, आठवा दिवस होता, आणि नेमका त्या दिवशी शिवपुष्प नगराच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवलेला. गाडी आधी श्रमसाफल्यला आली. सृष्टी काटा घेऊन आपल्याच फाटकातून धावत बाहेर पडली. आपली माणसं आज कुठे गाठायची, चर ओलांडून पलीकडे गेली असतील की वाटेतून परत फिरतील, या विचारात ती गाडीपाशी पोचली तर तिथे अनोळखी माणसांची रांग लागलेली. डोक्यावर पदर, टोप्या, मास्क. सगळ्यांच्या हातात पिशव्या. बहुतेकांनी वरती बेलाची एकेक फांदी खोचलेली.

रांगेत तिसऱ्या नंबरवर एक गृहस्थ उभे होते. पायात वॉकिंगचे बूट, गळ्यापर्यंत चेन लावलेलं जर्किन, डोक्यावर माकडटोपी. ऑगस्टात. उभं राहण्याची ढब तिने दोन वर्षं फळ्यासमोर पाहिली होती. खैरनार सर शिवपुष्प नगरात राहतात हे तिला आत्ता, या क्षणी कळलं.

रांग पुढे सरकली. सरांनी माकडटोपी हनुवटीच्या खाली ओढली, कारण आता तिचा उपयोग नव्हता.

"गुड मॉर्निंग सर."

"हं. फील्ड व्हिजिट म्हणून आलो होतो." त्यांनी घसा साफ केला. "कितवा दिवस?"

"आठवा सर."

"आकडे खरे आहेत ना?"

"आता आहेत सर."

दोघंही जरा वेळ सरांच्या हातातल्या फुगलेल्या पिशवीकडे बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, अहो, पुढे व्हा की. सृष्टीने आकडा पुढे केला, सरांनी पिशवी अडकवली. चार किलो शंभर. तिने नवीन पान उघडलं, वर तारीख टाकली आणि पेन पहिल्या रकान्यावर आणून थांबली.

"सर, ओला की सुका?"

पंधरा वर्षं कचऱ्याचं वर्गीकरण शिकवणारे खैरनार सर घंटागाडीच्या चाकाकडे बघत राहिले.

"मिश्र लिही," ते म्हणाले.